भिंगरी 'नको' म्हणाली होती

मित्रांनो, मी औषधाची एक जुनी पिशवी आहे. मूळची केशरी, आता धुऊन धुऊन विटलेली. माझ्यासारखी पिशवी दुकानात मिळत नाही, कारण मला घरी शिवलं आहे. जिने शिवलं तिच्याबद्दल बोलणं मला जड जातं, पण आज बोलते.

ती भिंगरीची आई. भिंगरी तिची एकुलती एक लेक. एका जागी ठरत नाही म्हणून बाबांनी तिला हे नाव दिलं. आई चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचा नंबर तपासते, बाबा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतात. भिंगरी अजून बोबडं बोलत होती, तेव्हा कुणीतरी कौतुकाने तिच्या हातावर एक शेंगदाणा ठेवला. बघता बघता तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. दवाखान्यात वेळेवर पोचले म्हणून निभावलं. डॉक्टरबाईंनी इंजेक्शनची दोन पेनं दिली आणि समजावलं, "पुन्हा असं झालं तर पेन मांडीला बाहेरच्या बाजूने दाबून धरायचं आणि लगेच रुग्णवाहिका बोलवायची. विचार करत बसायचं नाही."

ती पेनं ठेवायला आईने मला शिवलं. बाहेरून जुन्या रेनकोटचं कापड, आतून रजईचा मऊ तुकडा. एक शिवण वाकडी आली तर तिने ती उसवून पुन्हा घातली. बाबा म्हणाले, "अगं, पिशवीच तर आहे." आई मान वर न करता म्हणाली, "हिच्यात माझ्या पोरीचा जीव राहणार आहे." असं कौतुक कुठल्या पिशवीच्या वाट्याला येतं? मी त्या दिवसापासून त्या बाईची झाले.

मग माझी नोकरी सुरू झाली. शाळा, बाग, वाढदिवस, जिथे भिंगरी तिथे मी. वाढदिवसाला सगळी मुलं केकवर तुटून पडायची आणि भिंगरी कोपऱ्यात आपला डबा उघडून बसायची. शेजारच्या काकूंनी बिस्किट पुढे केलं तर ती हात मागे घ्यायची. "आईने दिलं तरच खाते," म्हणायची. घरातला नियमच होता तो. एकदा एका मैत्रिणीकडे दाण्याच्या चटणीचा चमचा चुकून तिच्या वाटीत पडला आणि ती धापा टाकायला लागली. आईने माझी चेन ओढली, पेन काढलं, दाबून धरलं. लगेच रुग्णवाहिका बोलावली. नंतर जो तो म्हणायचा, "पिशवी जवळ होती म्हणून वाचली पोर." खोटं कशाला बोलू, मी फुशारून गेले होते.

भिंगरी चौथीत गेली, तेव्हा डॉक्टरबाईंनी एक नवा उपचार सुचवला. शेंगदाण्याची अगदी कणभर पूड रोज खायची, आणि दवाखान्यात त्यांच्या नजरेखाली ती हळूहळू वाढवत न्यायची. शरीराला सवय होते.

"मग मी सगळं खाऊ शकेन?" भिंगरीने विचारलं.

"तसं नाही गं. चुकून एखादा कण पोटात गेला तर जिवावर बेतू नये, एवढ्यासाठी. ही पिशवी तरीही लागेलच. पोटात दुखेल, तोंडाला खाज येईल, कधी त्याहून जास्तही होऊ शकतं. पूड खाल्ल्यावर पळायचं नाही, ताप असेल तर मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. आणि हे बरीच वर्षं चालतं." मग त्या आई-बाबांकडे वळल्या. "घाई नाही. पण खाणार ती आहे, तेव्हा तिला विचारा."

घरी तिघांची बैठक झाली. मी टेबलावरच होते. भिंगरी बराच वेळ माझ्या चेनशी खेळत बसली आणि मग म्हणाली, "नको. तुम्हीच सांगितलं की दाणा खाल्ला तर मी मरेन. आता तोच रोज खा म्हणता. मला रोज भीती वाटेल."

बाबा म्हणाले, "ठीक आहे, पुढे कधी वाटलं तर सांग." आईने तिला जवळ घेतलं. "तुझ्या मर्जीशिवाय काही होणार नाही, राणी. आईचा शब्द."

मित्रांनो, तो शब्द मी माझ्या कानांनी ऐकला आहे.

काही दिवसांनी दुकानातली एक गिऱ्हाईक बाई आईला म्हणाली, "आमच्या भाच्यालाही दाणे चालत नव्हते, घरीच थोडे थोडे दिले, आता ठणठणीत आहे." आईने घरी येऊन बाबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "असलं काही डोक्यात घेऊ नकोस." तिने तो विषय सोडला. पण शाळेची सहल जवळ येत होती आणि आईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

दाराशेजारच्या खुंटीवर माझी जागा. त्यानंतर मात्र रोज संध्याकाळी आई मला उचलून स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवू लागली. मला वाटलं, माझा मान वाढला. मग मी पाहिलं. ती एका बरणीतून सुरीच्या टोकावर पूड घ्यायची, केळं कुस्करून घातलेल्या दुधात ढवळायची, आणि भिंगरी पीत असताना एक हात माझ्यावर ठेवून उभी राहायची. माझ्या भरवशावर चाललं होतं ते सगळं. जीव वाचवायला शिवलेली मी, त्या चोरीची सोबतीण झाले होते, आणि मला तोंड नव्हतं.

सुरुवातीला काही झालं नाही. आईला धीर आला. सुरीचं टोक जरा जास्त भरू लागलं.

एके दिवशी दूध पिऊन होतं न होतं तोच खालून मैत्रिणीची हाक आली. आई म्हणाली, "आज बस ना घरात. चित्र काढ."

"का?"

आईला कारण सांगता येईना. कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. भिंगरी दोरीउड्या मारायला पळाली. आई मला छातीशी धरून तिच्या मागे जिना उतरली. भिंगरीचा चेहरा लाल झाला, ती खोकायला लागली आणि दोरीवरच कोसळली. आईने पेन दाबलं. रुग्णवाहिका बोलवायला शेजाऱ्यांना ओरडून सांगितलं.

दवाखान्यात भिंगरीला हुशारी आली, तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय खाल्लं होतंस?"

"घरचंच. आईने दिलेलं दूध-केळं."

"आठव नीट," बाबा कातावून म्हणाले. "खाली कुणी काही दिलं असेल. किती वेळा सांगितलंय, दुसऱ्याचं खायचं नाही म्हणून."

"नाही खाल्लं, बाबा. खरंच नाही."

"मग झालं कसं हे?"

भिंगरी रडायला लागली. तिने आईकडे पाहिलं, कारण आई आपली बाजू घेईल याची तिला खात्री होती. आई खिडकीबाहेर बघत होती. लेकीवर खोटेपणाचा आळ आला आणि तिने तो येऊ दिला. मला आजही जे सलतं ते हे. डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा कुठे ती म्हणाली, "मी देत होते. पूड. घरी."

डॉक्टरबाईंचा आवाज कडक झाला. "अंदाजाने? सुरीच्या टोकाने? आज हिला गमावलं असतं तुम्ही."

बाबा उठून उभे राहिले. "मलाही नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर करू दिलं असतंस?"

"नाही."

"म्हणून," आई म्हणाली.

भिंगरी मात्र ओरडली नाही. हळूच म्हणाली, "मी फक्त तुझ्याच हातचं खायचे."

घरी आल्यावर तिने आईच्या हातचं खाणं सोडलं. स्वतः सोललेलं अंडं, स्वतः सोललेलं केळं, नाहीतर बाबांनी तिच्यासमोर वाढलेलं. आई दुकानातून येऊन ताट करायची, झाकून ठेवायची आणि ते तसंच उचलायची.

बऱ्याच काळाने भिंगरी आपणहून डॉक्टरबाईंना म्हणाली, "मला तो उपचार घ्यायचाय." त्यांनी कारण विचारलं. "आधी वाटायचं, आई बघेल. आता माझं मलाच बघायला पाहिजे," ती म्हणाली. आई दाराशी उभी होती. तिने ते ऐकलं.

रीतसर तपासण्या झाल्या, दवाखान्यात सुरुवात झाली. घरी पूड कोण देणार, या प्रश्नाला भिंगरीने सरळ उत्तर दिलं, "बाबा." माझी चेन तेव्हा बिघडली होती. आई म्हणाली, "मी नवी पिशवी शिवते." भिंगरी म्हणाली, "विकतची आणा. कमरेला बांधायची. माझी मी सांभाळेन." तेव्हापासून मी खुंटीवर रिकामी लटकते आहे. राग आईवरचा, पण निघाला माझ्यावर. आईनेच शिवलं होतं ना मला.

परवा बाबा एका लिफ्टच्या कामात अडकले. आई दवाखान्याची पुडी घेऊन उभी राहिली. भिंगरीने ती तिच्या हातातून घेतली, शिक्का पाहिला, स्वतः फोडली, स्वतः कालवली आणि खाल्ली. मग ठरलेला वेळ शांत बसायचं म्हणून सोफ्याच्या एका टोकाला पुस्तक घेऊन बसली. दुसऱ्या टोकाला आई बसली. आईने केसांवरून फिरवायला हात पुढे केला, तशी भिंगरीने मान जराशी बाजूला घेतली. रागाने नाही, सवयीने. आईने हात मांडीवर ठेवला आणि पूर्ण वेळ लेकीचा श्वास ऐकत बसून राहिली.

मित्रांनो, भिंगरीची आई दुष्ट नाही. तिच्याइतकी माया मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. पण मायेपोटी फसवलं तरी ते फसवणंच, आणि ते जास्त खोल लागतं. तुमच्या वर्गात कुणाजवळ अशी पिशवी असेल, तर ती खेळायला घेऊ नका, लपवू नका. आणि "यात काय काय घातलंय?" असं त्या मुलाने विचारलं, तर हसू नका, कंटाळू नका, त्याच्या भल्यासाठी म्हणूनसुद्धा काही लपवू नका. खरं सांगा.