घासाला चरक

माझा धाकटा भाऊ विजयसिंह कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या भोंग्यावर वाढला. दोन रूळ एकमेकांना टेकलेले दिसले की त्यातून रसच निघणार, याबद्दल त्याला कधी शंका येत नाही. अक्कल मात्र त्याच्यातून अजून थेंबभर निघालेली नाही.

२००४ च्या हिवाळ्यात माझ्या तुकड्यातला लसूणघास वाळवून ठेवायचं मी ठरवलं. माझी गंगी म्हैस गाभण होती. उन्हाळ्यात व्याली की तिला चांगली वैरण हवी होती. विजयसिंहानं ठरवलेलं मशीन घेऊन जयसिंगपूरचा प्रसेनजीत आला. ते मशीन घास कापतं आणि लगेच दोन रबरी रोलरांमधून काढून देठ चेपतं.

"देठ फुटला की पानाबरोबरच वाळतोय, आक्का," प्रसेनजीत म्हणाला. "न्हायतर पानांचा चुरा हुतोय नि देठ वलाच ऱ्हातोय."

मला पटलं. शहाण्याला कुठलं पटायला!

"पावणं, घासाला चरकात घालताय व्हय?" विजयसिंह ओरडला. "रस समदा मातीत, नि म्हशीला चिपाडं! ढिलं करा त्ये रोलर."

"आरं, घास माझा हाय," मी म्हटलं.

"आक्का, मशीनजवळ बायकांनी बोलू नये."

बांधावरचे रिकामटेकडे हसले. प्रसेनजीतनं माझ्याकडं पाहिलं आणि रोलर ढिले केले.

पानं कुरकुरीत वाजायला लागताच भावानं छाती काढून गठ्ठे बांधून घेतले. निम्मी पानं रानातच गळाली. गठ्ठ्यात गेले ओले देठ. पंधरा दिवसांनी मी एक गठ्ठा फोडला, तर आतून गरम वाफ, कुबट वास आणि पांढरी बुरशी.

"उकिरड्यावर टाक समदं," मी भावाला सांगितलं. पण टाकलं तर गाव बघणार ना! माझ्या पाठीमागं तो बुरशी झटकून रोज थोडं थोडं गंगीपुढं टाकत राहिला.

गंगीनं गाभ टाकला. डॉक्टरांनी गव्हाणीतली मूठभर बुरसटलेली वैरण उचलून विजयसिंहाच्या नाकापुढं धरली. मी त्या दिवशी खूप रडले. त्याला शिव्या घालायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला प्रसेनजीत पुन्हा कापणीला आला. बांधावर तेच रिकामटेकडे जमले होते. मी पुढं होऊन म्हटलं, "रोलर आवळ."

विजयसिंह बांधाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "मी पयल्यापास्नं ह्येच सांगत हुतो की!"

"व्हय की," बांधावरचे सगळे म्हणाले.