जिन्याच्या वळणावरचा पाइप

आमच्या सोसायटीच्या जिन्याला कठडा आहे, फक्त एकुलत्या एका वळणावर नाही. ठेकेदाराला सरळ पाइप लावता आला, वाकवता आला नाही. त्याने वळण तसंच सोडलं आणि पैसे पूर्ण नेले. बावीस वर्षं बिबवेवाडीतली ही शिकलेली माणसं तिथून भिंतीला हात घासत चढउतार करतात आणि स्वतःला सुशिक्षित म्हणवतात. पडली ती माझी आई.

आई, तुळजाबाई, वय शहात्तर. खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून चार महिने दुसऱ्या मजल्यावर अडकलेली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. घर संपतं सात पावलांत.

"मला खाली जायाचंय, संपत. माझ्या पायांनी. उचलून न्यायला मी काय गॅसची टाकी हाय?"

मी कमिटीकडे अर्ज दिला. अध्यक्ष अनंतराव कुठल्याशा कंपनीतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. म्हणाले, "तीन कोटेशन आणा." पाइप वाकवायचं मशीन असलेला पहिला म्हणाला, शंभर नगांच्या खाली काम घेत नाही. दुसऱ्याने फोटो मागवला आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. तिसरा नुसता हसला.

"मग थांबा," अनंतराव म्हणाले. "दीड वर्षात रीडेव्हलपमेंट आहे. लिफ्टच येणार."

हे दीड वर्ष मी नऊ वर्षं ऐकतोय.

शेवटी मागच्या गल्लीतल्या रियाजकडे गेलो. घरापुढे पत्र्याची शेड, त्यात कोळशाची भट्टी आणि जमिनीत रोवलेल्या खांबाला बोल्टने आवळलेली स्कूटरची जुनी रिम. एवढंच त्याचं मशीन. माप बघून तो म्हणाला, "मावशींसाठी ना? होऊन जाईल."

नुसता पाइप वाकवला तर तो वळणावर चपटा होतो. म्हणून रियाज आत वाळू ठासून भरतो, दोन्ही तोंडांत लाकडी गुट्ट्या ठोकतो, पाइप लाल करतो आणि रिमला टेकवून हळूहळू ओढतो. वाळू मात्र कोरडी ठणठणीत लागते. त्याची बायको हुस्नबानू ती कढईत शेंगदाण्यांसारखी भाजत बसली होती.

तेवढ्यात बगलेत फाइल मारून अनंतराव आले. सोसायटीच्या जिन्याला लागणारी वस्तू, पाहणी नको? त्यांनी चिमूटभर वाळू बोटांवर चोळली.

"धुतलेली आहे का?"

"भाजलेली आहे, साहेब."

"मी विचारतो काय, तुम्ही सांगता काय? चांगल्या कामाला धुतलेली वाळू लागते. चाळीस वर्षं क्वालिटीत काढलीत मी."

"ती स्लॅबला, साहेब. इथे पाणी राहिलं तर वाफ होणार."

"धुतल्याशिवाय माझी सही मिळणार नाही."

रियाजने वाद घातला नाही. टाकाऊ पाइपचा वीतभर तुकडा घेतला, अनंतरावांच्या देखत धुतलेली ओली वाळू त्यात भरली, गुट्ट्या ठोकल्या आणि तोंड रिकाम्या भिंतीकडे करून तुकडा भट्टीवर ठेवला. आम्हा सगळ्यांना सिमेंटच्या टाकीमागे उभं केलं.

"कान झाका, साहेब."

थोड्या वेळाने बंदुकीसारखा आवाज झाला. गुट्टी भिंतीवर आदळली आणि बटाटेवड्याएवढा गिलावा खाली आला. अनंतरावांनी फाइल डोक्यावर धरली.

हुस्नबानू वाळू परतता परतता म्हणाली, "पाणी देऊ, साहेब? का आज पुरे झालं?"

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या बोर्डावर कागद लागला. सदर कारागिराच्या पद्धतीत स्फोट झाल्याने काम नामंजूर. वाळू कुणाच्या हट्टापायी ओली केली, ते लिहायला चाळीस वर्षं क्वालिटीत काढलेल्या माणसाला जागा पुरली नाही.

मग मीही परवानगी विचारली नाही. रियाजने भाजलेली वाळू भरून पाइप वाकवला. सुरकुती नाही, पोचा नाही. रविवारी दुपारी आम्ही तो भिंतीत क्लॅम्प मारून बसवला. सोमवारी नोटीस आली. अनधिकृत कठडा सात दिवसांत काढा, नाहीतर कमिटी काढेल.

मी आईला वाचून दाखवली. तिने पदर खोचला आणि उठली.

मी तिच्यापुढे एक पायरी उलटा उतरत होतो. "आडवा येऊ नगंस," ती म्हणाली. वळणावर तिने दोन्ही हातांनी पाइप धरला. थांबली. दुखरा पाय खाली टेकवला, मग दुसरा. चौतीस पायऱ्या. तळमजल्यावर अनंतरावांची बेल तिनेच वाजवली.

"तुळजाबाई! तुम्ही? खाली?"

"व्हय. तुमी पाइप काढणार म्हनं."

"कमिटीचा निर्णय आहे. आपल्याच सुरक्षिततेसाठी."

"काढा की. पर त्यो काढल्यावर मी वर जानार कशी?" आई त्यांच्या सोफ्यावर जाऊन बसली. पाय लांब केले. आतून अनंतरावांची बायको डोकावली. "म्हनून मी आजपास्नं हितंच ऱ्हाते. विजयमाला, च्या बिनसाखरंचा कर बाई. आन संपत, माझ्या गोळ्या आन उशी घिऊन ये."

मी वर निघालो. मागे अनंतराव बायकोला हळूच विचारत होते, "या जेवायला थांबणार आहेत का?"

"ते तुम्ही ठरवा," विजयमालाबाई म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.