रविवारी उघडलेली पेटी

मंगळवारी सकाळी मी मिझोगुचीला शून्य दिलं. तिसऱ्या वर्षाची मुलगी, एरवी नीटनेटकी. प्रयोग होता बेरियमचं अर्धायुष्य मोजण्याचा, आणि पुस्तकातल्या उत्तराशी ज्या नोंदी जुळल्या नाहीत त्या तिनं सरळ काढून टाकल्या होत्या. "उत्तर माहीतच होतं ना, मॅडम," म्हणाली. मी म्हटलं, उत्तर बघून मोजायचं तर मोजायचं कशाला?

त्याच दुपारी आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख कुनिएदा सर येऊन म्हणाले, नोंदी निवडायची ऊर्जेची मर्यादा बारावरून नऊवर आणा, बाकी काही हलवू नका.

आमच्याकडे पेटीचा नियम आहे. नवा कण जिथे सापडू शकतो, तेवढे आकडे संगणकात झाकून ठेवायचे. कुठल्या नोंदी घ्यायच्या, कुठल्या टाकायच्या, ते आधी ठरवायचं आणि मग सगळ्यांसमोर पेटी उघडायची. तीन वर्षं ती पेटी मी राखली. हात शिवशिवायचे, पण एकदाही डोकावले नाही.

नऊच का, ते कळेना, म्हणून संगणकाची नोंदवही पाहिली. रविवारी दुपारी सरांच्या नावाने पेटी उघडली होती. बारा लावून पाहिलं, मग अकरा, मग दहा, मग नऊ. सर तिथे थांबले. म्हणजे नऊवर हवं ते दिसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझी पाच वर्षांची नेमणूक मार्चमध्ये संपते. मुदतवाढीच्या अर्जावर सरांचा शिक्का लागतो, आणि तो अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. हे ते विसरले नव्हते, मीही नाही.

शुक्रवारी बैठक झाली. आमच्या बैठकीत काही ठरत नाही. होकार आधीच खोल्याखोल्यांतून गोळा केलेला असतो. सरांनी फळ्यावर नऊ लिहिला. सगळ्यांच्या माना हलल्या.

मी उभी राहिले. "सर, पेटी रविवारीच उघडली आहे. नोंद माझ्याकडे आहे."

कोणी वर बघेना. माझ्याच बरोबरीचा ओनिशी कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसला.

सर चिडले नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, "या शोधाच्या पेपरवर पहिलं नाव तुमचंय, हिसानो-सान. मी हे कोणासाठी केलं?"

तिथे माझं डोकंच फिरलं. लबाडी यांनी करायची आणि नाव माझं.

"मंगळवारी मी एका मुलीला याच कामाबद्दल शून्य दिलं," मी म्हटलं. "तुम्हाला किती देऊ?"

फळ्यावरचा नऊ त्यांनी स्वतःच पुसला. सोमवारी अर्ज माझ्या खणात परत आला, शिक्क्याची चौकट कोरी. ओनिशीने जिन्यात गाठून हळूच सांगितलं, तुझं बरोबर होतं. जिन्यात सांगतो मेला. त्याचाही राग आला.

नोकरी गेली तर दुसरी शोधीन. पण एकदा बघितलेली पेटी पुन्हा बंद होत नाही. तीन वर्षांचे ते आकडे आता कोणी कितीही प्रामाणिकपणे तपासले, तरी ते बघून मोजलेलेच राहणार. त्यांच्यात खरोखर नवा कण असला तरी.