बिनदारूचा इग्नायटर

मित्रांनो, घाबरून मागे सरकू नका. मी एक जुना इग्नायटर आहे खरा, पण माझ्या पोटात दारू नाही. खाणीत सुरुंग पेटवणारी बोटाएवढी नळी आणि तिला दोन लांब तारा, असे माझे रूप. तारांतून वीज आली की आतली केसासारखी तार तापते आणि दारू पेटते. माझ्या भावंडांचे आयुष्य त्या एका क्षणापुरते. मला मात्र कारखान्यातच रिकामे ठेवले, दारूच्या जागी उष्णता टिपणारा बारीक धागा बसवला आणि चाचणीच्या खोलीत धाडले.

तिथल्या बाई एकच गोष्ट तपासत. कोणी वीज सोडली नसताना, नुसत्या वायरलेसच्या लहरींनी आमची तार किती तापते? शेजारच्या मीटरचा काटा माझा ताप सांगे. काम झाले की त्या मला मऊ फडक्याने पुसत. तशी माया पुन्हा वाट्याला आली नाही.

एकदा बाईंचे धाकटे दीर आले. ते खाणीत सुरुंग लावत. काम करताना वायरलेसचा सेट जवळ बाळगायची परवानगी त्यांच्या टोळीला हवी होती आणि ती माझ्या तापावर ठरणार होती. कारखान्यातून आलो तसाच, तारांची घडी घातलेला, मी टेबलावर पडलो होतो. सेट चालू केला. काटा ढिम्म. झाले की वहिनी, आता सही करा आणि चहा पाजा, म्हणून दीर खुर्चीत रेलले.

बाईंनी पेन उचलले आणि त्या थांबल्या.

"भावजी, खाणीत तुम्ही तारा अशा घडी करूनच ठेवता?"

दीर हसले. तारा लांबवर पसरून दूर उभा राहिलो नाही तर सुरुंगाबरोबर मीही उडेन, म्हणाले. मग बाईंनी त्यांनाच माझ्या तारा रोजच्यासारख्या लावायला सांगितल्या. त्यांनी त्या खोलीभर सरळ पसरल्या आणि सेटचे बटण दाबले. लांब तारांनी लहरी ओढून घेतल्या, मी तापलो, काटा सरसर धोक्याच्या लाल रेघेपलीकडे गेला.

दिरांनी सेट हळूच खाली ठेवला.

"वहिनी, हा मी परवापासून खाणीत खिशात घेऊन हिंडतोय."

"चालू?"

"चालूच."

बाईंनी सेटचे बटण बंद केले. त्यांनी परवानगी नाकारली. तेव्हापासून टोळीचे सेट लांबच्या खोलीत बंद राहू लागले आणि दीर एकमेकांना इशारे द्यायला निशाणे हलवून हात दुखतात म्हणून कुरकुरत राहिले. ती कुरकुर ऐकायला बाईंना फार आवडे.

आता नवी यंत्रे आली आणि मी खणात पडलो. त्याचे दुःख आहे, पण मागणे दुसरेच आहे. रस्त्यात "वायरलेस बंद ठेवा" अशी पाटी दिसली तर हसू नका, बंद करा. पलीकडे कोणीतरी वाकून तारा पसरत असते. त्याला मागे वळून बघायला सवड नसते.