प्रॉम्प्टरचं पाकीट

चौतीस वर्षं कुजबुजे रंगमंचाच्या उजव्या विंगेत, एका डुगडुगत्या स्टुलावर, बॅटरीच्या उजेडात बसले आणि इतरांना त्यांची वाक्यं आठवून देत राहिले. कुजबुजे हे आडनाव नव्हे, नाटक कंपनीनं दिलेली पदवी. निवृत्तीच्या वेळी कंपनीकडून दुसरं काहीच मिळालं नाही, म्हणून तीच घेऊन ते घरी आले.

निवृत्तीनंतर या कुजबुजीला अचानक भाव आला. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीला, झोप न येणाऱ्यांच्या कानात पुटपुटणारा माणूस हवा होता. कुजबुज्यांनी सहा तास पुटपुटून, रेकॉर्ड करून पाठवलं. ज्या आवाजानं इतकी वर्षं नटांना जागं ठेवलं, त्याच आवाजानं आता अनोळखी माणसं घोरायला लागली. कंपनी खूश झाली. अडचण एवढीच, की ती मानधन बँकेत देत नसे, क्रिप्टो नाण्यांत देई.

मानधनाचं काय करायचं ते आधीच ठरलं होतं. बायकोला दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं. मोठ्यानं बोललेलं पोचायचं, कुजबुज पोचायची नाही, आणि कुजबुज्यांना मोठ्यानं बोलण्याची सवयच राहिली नव्हती. गेली सहा वर्षं घरात नवऱ्याचे ओठ हलायचे आणि बायको अंदाजानं ‘हो’ म्हणायची. त्यात एकदा स्वयंपाकघराला पोपटी रंग लागला होता. कानातल्या यंत्रांची जोडी बरोब्बर त्या मानधनाएवढ्या किमतीची होती.

ही नाणी ठेवायचं ऑनलाइन पाकीट उघडून द्यायला मेहुणी आली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिनं उभी हयात घालवली होती, त्यामुळे मानवजातीबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं.

“भाऊजी, हात मागे घ्या,” लॅपटॉप उघडताच ती म्हणाली.

कुजबुज्यांनी गुगलवर पाकिटाचं नाव टाकून आलेल्या यादीतल्या पहिल्याच ओळीवर बाण नेला होता. “पहिलंच आहे की.”

“पैसे भरून पहिलं बसलंय. ती जाहिरात आहे. पाकीट बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवर जायचं, पत्ता अक्षर न् अक्षर वाचायचा आणि तिथूनच ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन घ्यायचं. एक अक्षर चुकलं की दुसऱ्याच्या घरात जाऊन कपडे काढाल.”

एक्स्टेन्शन बसलं. ब्राउझरच्या कोपऱ्यात एक चिमुकलं चित्र आलं आणि पासवर्ड मागायला लागलं.

“काय ठेवू?”

“मला सांगू नका. लांबलचक ठेवा. वाढदिवस नको.”

कुजबुज्यांनी एका बंद पडलेल्या नाटकातल्या सेनापतीचं अख्खं वाक्य टाकलं. त्या वाक्यावर सेनापती दर प्रयोगाला अडायचा. ते जगात एकट्या कुजबुज्यांनाच पाठ होतं. सेनापतीला तर नव्हतंच.

मग पडद्यावर बारा शब्द आले. साधेच, पण एकमेकांशी काही संबंध नसलेले.

“हे कागदावर, पेननं,” मेहुणी म्हणाली. “फोटो काढायचा नाही, मेल करायचं नाही, मोबाइलमध्ये ठेवायचं नाही. पासवर्डनं फक्त या लॅपटॉपवरचं पाकीट उघडतं. लॅपटॉप जळून गेला तरी हे बारा शब्द क्रमानं टाकले की कुठंही पुन्हा उघडतं. तुम्ही टाकले तरी आणि चोरानं टाकले तरी.”

“हरवले तर?”

“मॅनेजरला भेटा. मॅनेजर नाही.”

कुजबुज्यांनी एकदा वाचलं. एक्स्टेन्शननं पडताळणीसाठी चौथा आणि नववा शब्द विचारला, तेव्हा प्रश्न पुरता उमटायच्या आत त्यांनी उत्तर दिलं. तरीही मेहुणीनं त्यांच्याकडून कागद लिहून घेतला, लखोट्यात बंद केला आणि कपाटात ठेवायला लावला. मग परदेशी कंपनीला पाकिटाचा पत्ता पाठवला, सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं पुन्हा ताडून पाहिली आणि आधी नमुन्याला एक चिमूटभर रक्कम मागवली. ती आली. दुसऱ्या दिवशी उरलेलीही आली.

“आता एकच ऐका,” चपला घालताना मेहुणी म्हणाली. “बारा शब्द मागेल तो चोर. मी मागितले तर मीसुद्धा चोर.”

“तुझा मला आधीपासूनच संशय होता,” कुजबुजे पुटपुटले.

“मला ऐकू येतं हो, भाऊजी. बहिरी ती.”

पुढच्या दोन दिवसांत कुजबुज्यांनी फक्त एक गाढवपणा केला. क्रिप्टोवाल्यांच्या एका ऑनलाइन गटावर त्यांनी ‘या नाण्यांचे रोख पैसे कसे करायचे’ असं विचारलं आणि सभ्य माणूस म्हणून खाली फोन नंबर दिला.

सकाळी अकराला फोन वाजला.

“नमस्कार सर, मी पाकीट सुरक्षा विभागातून बोलतोय. आपलं पाकीट आज बंद होणार आहे. तरी आपल्या पाकिटाच्या... पाकिटाच्या...”

“पडताळणीसाठी,” कुजबुजे म्हणाले.

“हो, पडताळणीसाठी. तर आपलं... आपलं...”

“सहकार्य अपेक्षित आहे.”

समोरचा माणूस पाठांतरात कच्चा होता, पण धंद्यात पक्का होता. त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

“सर, आपले बारा शब्द माझ्या पडद्यावर आहेतच. मी वाचतो, आपण फक्त हो म्हणा. तर, पहिला शब्द...”

आणि तो थांबला.

हा चोर आहे हे कुजबुज्यांना समजलं होतं. मेहुणीचं वाक्य तर शब्दन् शब्द पाठ होतं. पण समोर माणूस अर्ध्या वाक्यावर लटकलाय आणि पुढचा शब्द आपल्याजवळ आहे, अशा वेळी गप्प बसायचं शिक्षण त्यांना कुणी दिलं नव्हतं. पगारच उलट करण्याचा मिळायचा. पहिला शब्द तोंडातून निसटला.

“छान. आणि दुसरा...”

दुसराही गेला.

“तिसरा...”

कुजबुज्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना तो श्वास ऐकू आला. खरोखर अडलेल्या नटाचा श्वास कोंडतो. मुद्दाम थांबलेला नट मात्र आरामात श्वास घेत असतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कुजबुज्यांनी मुख्य नटाच्या अशाच एका ठेवणीतल्या विरामात वाक्य पुरवलं होतं. नटानं मध्यंतरात विंगेत येऊन थोबाडीत दिली. दोन दिवस गालावर त्याच्या बोटांचे वळ होते. त्यानंतर हा फरक ओळखण्यात त्यांची चूक कधी झाली नाही.

फोनवरचा गृहस्थ मस्त श्वास घेत होता. हा अडला नव्हता. हा अभिनय करत होता.

कुजबुज्यांनी तोंड मिटलं.

“सर? तिसरा शब्द...”

कुजबुजे गप्प.

“सर, आहात ना?”

आता मात्र त्याचा श्वास कोंडला. त्याच्या कागदावर पुढचं काही लिहिलेलं नसावं. आणि हेच सगळ्यांत अवघड होतं, कारण ‘माफ करा, राँग नंबर’ हे त्याचं पुढचं वाक्य कुजबुज्यांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ते गिळून त्यांनी फोन ठेवला. मग लॅपटॉपवर पाकीट उघडलं. नाणी जागच्या जागी होती.

कळवल्यावर मेहुणी अर्ध्या तासात हजर झाली.

“किती सांगितले?”

“दोन.”

“दोनच का? बारा सांगायचे. त्याचा फोनचा खर्च तरी सुटला असता.” ती खुर्ची ओढून बसली. “दोन शब्दांनी काही उघडत नाही, पण तो गोड बोलून पुन्हा येईल. नवं पाकीट काढू, नवे बारा शब्द, आणि नाणी आत्ताच्या आत्ता तिकडे. पण तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा. तुम्ही वाचलं की पाठ होतं आणि पाठ झालं की बाहेर येतं.”

“मग लिहिणार कोण?”

दोघांनीही खिडकीपाशी उशीचा अभ्रा शिवत बसलेल्या बायकोकडे पाहिलं. तिला यातलं काही ऐकू आलं नव्हतं.

“ताईकडून एक शब्द काढायचा तर चोराला घरी येऊन बोंबलावं लागेल,” मेहुणी म्हणाली.

बायकोनं चष्मा लावला, बारा शब्द उतरवले, विचारलेले दोन बरोबर टाकले आणि कागद कुठे ठेवला ते कुणालाही सांगितलं नाही. आधी चिमूटभर नाणी हलवली, ती पोचल्यावर सगळी. पुढच्या आठवड्यात मेहुणीनं नोंदणीकृत क्रिप्टो एक्स्चेंजवर ती विकून पैसे बँकेत आणले आणि यंत्रांची जोडी आली.

दुकानातून परतताना टॅक्सीत बायको मधे बसली होती. डावीकडून मेहुणी बॅटरी कशी बदलायची, यंत्र कशानं पुसायचं, अंघोळीच्या वेळी ते काढायला कसं विसरायचं नाही, हे तिसऱ्यांदा सांगत होती.

बायकोनं थोडा वेळ ऐकलं. मग डाव्या कानातलं यंत्र अलगद काढलं आणि पर्समध्ये ठेवलं.

“सहा वर्षांत हिचं बोलणं वाढलंय,” ती म्हणाली आणि उजवीकडे वळली. “बोला.”

कुजबुजे गडबडले. वाक्यं त्यांच्याकडे शेकड्यांनी होती, पण सगळी दुसऱ्यांची.

“टोचतंय का?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

“नाही,” बायको म्हणाली. “पुढे?”