बाबांच्या नावाचा चमचा

"आधी नाव घे पोरी, मगच चमचा उलटा कर. मुकाट्यानं टाकलास तर तो नुसता तांदूळच राहील!"

पिलसुन आजींचा हा आवाज अजून माझ्या शिवणीत आहे. मित्रांनो, मी एक जुनी तांदळाची पिशवी आहे. कोरियाच्या दक्षिणेकडच्या एका बेटावर आजींनी मला त्यांच्या लग्नातल्या घागऱ्याच्या अस्तरातून शिवलं, लाल दोऱ्यानं माझ्यावर क्रूस भरला आणि तांदळाच्या रांजणाशेजारच्या खुंटीला टांगलं. तांदूळ धुण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक चमचा त्या माझ्यात टाकत. रविवारी चर्चमध्ये मला रिकामं करत, आणि ज्यांची चूल थंड, त्यांच्या घरी तो तांदूळ जाई. बायका माझ्या भरतकामाचं कौतुक करत. मीही थोडी फुगत असे, खोटं कशाला बोलू?

एक गोष्ट मात्र कुणाला ठाऊक नव्हती. पहाटेच्या प्रार्थनेची घंटा झाली की ओल्या पंखांचा एक लहानसा देवदूत खिडकीतून येई. प्रत्येक नावाचा एकेक दाणा तो उचले आणि ज्याचा त्याला पोचवी. वाटेत त्या दाण्याचा उजेड होई.

एका वसंतात आजींचा मुलगा मासेमारीच्या होडीवर गेला आणि समुद्रावर दाट धुकं पडलं. होडी परतेना. आजी तापानं अंथरुणाला खिळल्या, म्हणून चमचा नऊ वर्षांच्या ओकबुनच्या हाती आला. ही त्यांची आईविना नात, त्याच मुलाची लेक. तिनं आजीचं नाव घेतलं, स्वतःचं घेतलं. बाबांचा चमचा मात्र माझ्यात न टाकता तिनं भाताच्या भांड्यात टाकला. आमच्याकडे बाहेर गेलेल्या माणसाचा भात वाटीत भरून, चुलीच्या धगीनं उबदार झालेल्या जमिनीवर गोधडीखाली ठेवतात.

"बाबा भुकेले येतील. त्यांचा वाटा त्यांच्याच वाटीत बरा," ती पुटपुटली.

मला ओरडावंसं वाटलं. पण पिशवीचं तोंड बोलण्यासाठी नसतं.

तिसऱ्या पहाटे देवदूतानं मला चाचपलं आणि तो मटकन चुलीजवळ बसला. तेवढ्यात ओकबुन पाणी तापवायला आली. ती दचकली, पण पळाली नाही.

"तुम्ही कोण?"

"निरोप्या. तुझ्या बाबांच्या नावाचा दाणाच नाही यात. तीन दिवस झाले. हात हलवत जाऊ का समुद्रावर?"

"पण मी त्यांची वाटी काठोकाठ भरलीय! हवं तर आजीला विचारा!"

"ती घरी पोचलेल्यासाठी, बाळा. हा चमचा वाटेवरच्यासाठी."

ओकबुनचे डोळे भरून आले. तिनं रांजणात दोन्ही हात घातले. "हे घ्या, सगळे घ्या!"

"अगं, मी काय बैल आहे? एक पुरे. नाव घे."

तिनं बाबांचं नाव घेतलं आणि चमचा माझ्यात उलटा केला. दाणा देवदूताच्या मुठीत निखाऱ्यासारखा उजळला. खिडकीशी तो थबकला. "त्या होडीवर चिलबोक म्हणून एक जण आहे. घर ना दार. त्याचं नाव कुणीच घेत नाही."

ओकबुननं लगेच आणखी एक चमचा उलटा केला. "चिलबोककाका. आणि ते परत आले की त्यांनाही गरम भात मिळेल. मी स्वतः नेऊन देईन."

देवदूत दोन दाणे घेऊन गेला. त्या सकाळी गोधडीखाली दोन वाट्या होत्या.

दुपारी होडी किनाऱ्याला लागली. बाबा भाताचा घास तोंडात धरूनच बोलत होते, "पुढे दोन ठिणग्या चालत होत्या गं! मला वाटलं, भुकेनं डोळे फिरले."

"आधी गिळ, मग बोल," आजी अंथरुणातून म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

आता माझं कापड विरलंय. खुंटीवर प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि मी पेटीच्या तळाशी गेले. मित्रांनो, जुनी पिशवी फेकण्याआधी एकदा उलटी करून झटका. कोपऱ्यात कुणाचं तरी नाव अडकलेलं असेल.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलंच. बाबा जेवता जेवताच झोपले. ओकबुननं गोधडीखालची दुसरी वाटी काढली, फडक्यात गुंडाळली, वर दोन सुके मासे ठेवले.

"कुठं निघालीस?" आजींनी विचारलं.

"किनाऱ्यावर. जाळ्यांच्या खोपटात, चिलबोककाकांकडे."

तिनं रबरी चपला पायात सरकवल्या, वाटी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि भात निवू नये म्हणून भरभर उतार उतरू लागली.