पागुमेची कोरी यादी

मित्रांनो, इथिओपियातल्या एका डोंगरी गावात, आरोग्य केंद्राच्या औषधखिडकीमागे एक करडा, जाडजूड संगणक बसलेला असतो. तोच मी. जुना आहे, पण टाकाऊ नाही. हे आजही ताठ मानेने सांगतो.

कारखान्यातले दिवस मला आठवत नाहीत. राजधानीतल्या एका कॉलेजात मात्र सहा वर्षं राबलो. पुढे सडपातळ, चकचकीत संगणक आले आणि मला या डोंगरावर धाडलं. पहिल्या दिवशी मला बघायला अख्खं गाव लोटलं होतं. मग हळूहळू माझ्यावर कापड पडलं आणि कापडावर कॉफीची सुरई. दोन वर्षं मी सुरईचा पाट होतो. तक्रार नाही, ऊब तरी मिळाली.

खरं काम होई ते सिस्टर तेवाबेच यांच्या वहीत. त्या इथल्या सर्वांत जुन्या परिचारिका. बुधवार-शुक्रवारचा उपास त्यांनी कधी मोडला नाही, आणि पहाटेची प्रार्थना झाल्याशिवाय खिडकी उघडली नाही. साखरेचे, दम्याचे, फिट येणारे असे दोनशेवर रोगी. कुणी कोणत्या तारखेला गोळ्या न्यायच्या ते वहीत असे. जो चुकला, त्याच्या वाडीवरच्या आरोग्यसेविकेला सिस्टर निरोप पाठवत. पण नव्या वर्षापासून त्या निवृत्त होणार होत्या. वरून हुकूम आला की वही बंद करा, यादी संगणक काढील.

म्हणून वर्ष सरता सरता जिल्ह्याहून तंत्रज्ञ देमिसेव आला. सुरई उतरली, धूळ झाडली गेली आणि माझा काळा पडदा उजळला. त्याने आणलेल्या सॉफ्टवेअरला चित्रं नव्हती, बटणं नव्हती. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या आणि कामं एका फायलीत ओळीने लिहून ठेवायची. मग ते रोज आपणहून यादी काढणार आणि चुकलेल्यांचे निरोप सेविकांच्या फोनवर पाठवणार.

बसवणं काही सोपं गेलं नाही. नवी आवृत्ती माझ्या वयाला झेपेना, म्हणून त्याने जुनी शोधली. ती उतरवताना इंटरनेट तीनदा तुटलं. बसवून झाल्यावर मी म्हणालो, अशी आज्ञा मला ठाऊक नाही. कारण सॉफ्टवेअर कुठे ठेवलंय, हे त्याने मला सांगितलंच नव्हतं. त्याने पत्ता लिहून दिला, पुन्हा हाक मारली आणि मी ओ दिली. दोन वर्षांनी कुणी कामाला हाक मारली होती, मित्रांनो.

शेवटी त्याने कामांची फाईल भरली, वहीतली नावं घातली आणि निरोप न पाठवता नुसती तालीम करून पाहिली. खाली हिरवी ओळ उमटली. काम पूर्ण, चूक शून्य. देमिसेवने पिशवी उचलली.

सिस्टरांनी त्याच्यापुढे कॉफीचा पेला ठेवला आणि पागुमेच्या दुसऱ्या दिवसाची यादी मागितली. आमच्याकडे वर्षाचे महिने तेरा. बारा तीस-तीस दिवसांचे आणि शेवटचा पागुमे, जेमतेम पाच दिवसांचा. त्या पाच दिवसांत लोक पहाटे पवित्र झऱ्यावर न्हायला डोंगर उतरतात. एकाच फेरीत स्नान आणि गोळ्या दोन्ही व्हावं, म्हणून सिस्टर त्यांना मुद्दाम तेव्हाच्याच तारखा देत.

देमिसेवने आज्ञा दिली. यादी कोरी आली. खाली तीच हिरवी ओळ.

"त्या दिवशी कुणी नसेल, सिस्टर. पाहा ना, चूक शून्य म्हणतोय."

"माझ्या वहीत सतरा जण आहेत, लेका. याला ते दिसले नाहीत, की डोळे मिटून हो म्हणाला?"

तो म्हणाला, बस निघून जाईल. सिस्टरांनी वहीतल्या एका नावावर बोट ठेवलं. वर्केनेश, मडकी भाजणारी. हिला फिट येते. गोळ्या चार दिवस चुकल्या तर ही भट्टीपाशीच कोसळायची.

"बस उद्या पुन्हा येईल," त्या हळूच म्हणाल्या. "भट्टीत पडलेली बाई येत नाही."

देमिसेवने पिशवी खाली ठेवली आणि फाईल उघडली. एका ओळीत लिहिलं होतं, वर्षाचे महिने बारा. महिन्यांचा तो भाग त्याने पगार कचेरीच्या फायलीतून जसाच्या तसा उचलून आणला होता. तिथे बारा बरोबरच होते.

"पागुमेचा वेगळा पगार नसतो ना, सिस्टर. पगारदाराच्या डोक्यात तो महिनाच नसतो."

सिस्टर हसल्या. "देवाने पाच दिवस फुकट दिले, तर ते मोजायचेच नाहीत होय?"

त्याने बाराचे तेरा केले, आणि दर चौथ्या वर्षी पागुमेला सहावा दिवस येतो तोही घातला. सिस्टरांनी आणखी एक अट घातली. यादी कोरी आली तर याने ठीक म्हणायचं नाही, थांबायचं आणि माणसाला बोलवायचं. मग दोघं बसले. सिस्टर एकेक नाव वाचत, तो पडद्यावर ताडून पाही. दुसऱ्याच तारखेचा एक म्हातारा कधीच वारला होता. सिस्टरांनी छातीवर क्रूस काढला, मग त्याचं नाव काढायला सांगितलं. बस दोघांच्या देखतच गेली.

पागुमेच्या दुसऱ्या दिवशी सोळा जण ओल्या केसांनी येऊन गोळ्या घेऊन गेले. वर्केनेश आली नाही. दुपारी मी आपणहून तिच्या वाडीवर निरोप पाठवला. सेविका एमेबेत धावत गेली, तर बाई भट्टीत लाकडं सारत होती. म्हणाली, झऱ्यावर न्हाले, आता गोळी कशाला?

एमेबेतने तिला आधी आगीपासून दूर बसवलं आणि पाण्याचा तांब्या हाती दिला. "देवाचं पाणी आहेच, बाई. त्याच पाण्याबरोबर गोळी गिळ."

तिने गिळली. सिस्टरांना कळलं तेव्हा त्यांनी माझ्या पडद्यावरून पदराने हात फिरवला आणि वही मिटली. माझ्या उभ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं बक्षीस तेच.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ पुसत जा, पण तेवढ्याने भागत नाही. आम्ही ठीक म्हटलं म्हणून लगेच उठून जाऊ नका. आम्हाला सांगितलं तेवढंच आम्हाला दिसतं. एकदा शेजारी बसा, माणसांची नावं मोठ्याने वाचा, आमच्याशी ताडून पाहा. मग खुशाल निर्धास्त व्हा. रोजचं काम चुकवायचं नाही, हे माझ्याकडे लागलं.